माझ्या वजनाचा गूळ

आबा माझ्यासाठी नवस बोलले तेव्हा मी मांजराच्या पिल्लाएवढी होते. आबा म्हणजे माझे वडील. लग्नाला बरीच वर्षं होऊन गेल्यावर झालेली मी एकुलती एक, त्यात अशक्त आणि त्यात मुलगी. भावकीने दोन्ही गोष्टींसाठी एकाच खेपेत हळहळून घेतलं. आबांनी अशक्तपणाचं मनावर घेतलं आणि मुलगीपणाचं या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. ते सरळ नरसिंहपूरला गेले. नीरा आणि भीमा मिळतात तिथे आमचं कुलदैवत आहे. देवासमोर हात जोडून बोलले, की पोर जगू दे, माझ्याच रानातल्या उसाचा गूळ करून तिच्या भारोभार तोलीन आणि वाटीन. पोर जगली. नुसती जगली नाही, तिने असं काही बाळसं धरलं की ते अजून सोडलेलं नाही. नवस मात्र राहून गेला.

तो राहिला यात खरं तर कुणाचाच दोष नाही, असला तर आईच्या हौसेचा आहे. पहिल्याच वर्षी ती म्हणाली की एवढ्याशा पोरीचा एवढासा गूळ, देवाला काय वाटेल, जरा अंगाने भरू द्या. मी भरले. तोवर आबांनी उसाच्या जागी केळी लावली होती. पुन्हा ऊस आला तेव्हा सगळा कारखान्याला गेला आणि गावचं गुऱ्हाळ बंद पडलं. मग मी शाळेत मोठ्या वर्गात गेले आणि तराजूत बसायचं नाव काढलं की फणफणायला लागले. मग माझं लग्न झालं. मग आई गेली. दरवर्षी वैशाखात आबा नरसिंहपूरला जायचे, कान पकडायचे आणि कोर्टातल्यासारखी पुढची तारीख घेऊन यायचे. इकडे मी बारामतीत शिक्षिका झाले, खुर्चीत बसून पेपर तपासू लागले, आणि नवसाचा आकडा माझ्या नकळत वाढत गेला. नकळत म्हणते ते देवाला उद्देशून. मला कळत होतं.

आबांचा दुसरा नेम मात्र कधी एका दिवसानेही पुढे ढकलला गेला नाही. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा तो नेम. जी दुसऱ्याच्या घरी दान म्हणून दिली, तिच्या घरून काही परत घ्यायचं नसतं, असं त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगितलं होतं, आणि वडिलांना त्यांच्या वडिलांनी. बऱ्याच घरांत नातवंड झालं की ही अट सुटते. मला मुलगा झाला तेव्हा सगळ्यांनी आबांना तसं सांगून पाहिलं. आबा म्हणाले की नातवाच्या हातचं पिईन, पण नातू स्वतःच्या कमाईचं घर बांधील तेव्हा. नातू तेव्हा पालथा पडायला शिकत होता.

त्यामुळे आबांचं बारामतीला येणं म्हणजे एक सोहळा असे. इंदापूरकडून एसटीने येत. एका हातात वांगी, कांदे, कधी कलिंगड, आणि दुसऱ्या हातात घरून भरून आणलेली पाण्याची बाटली. खांद्यावरच्या पिशवीत फडक्यात बांधलेल्या दशम्या. माझ्या घरी, माझ्या सोफ्यावर, माझ्या पंख्याखाली बसून ते स्वतःची दशमी खात आणि मी समोर बसून बघत असे. वारा चालतो का, असं मी एकदा विचारलं. वारा देवाचा असतो म्हणाले. मग विजेचं बिल कुणाचं, यावर त्यांनी पंखा बंद करायला लावला, आणि मे महिन्यात आम्ही दोघेही घामाने निथळत बसलो. तेव्हापासून मी त्यांच्याशी तर्काने बोलणं सोडलं.

प्रश्न होता चहाचा. आबांना चहा लागतोच. तो ते आमच्या घरासमोरच्या टपरीवर जाऊन पीत. रस्ता ओलांडून बाकड्यावर बसत आणि तिथूनच माझ्याशी खुणा करून बोलत. हा प्रकार मला सोसेना. एके दिवशी मी मागच्या दाराने गेले, टपरीवाल्याला किटली दिली आणि बजावलं की आबा आले की यातलाच ग्लास भरायचा. त्याने डोळे मिचकावले आणि पुढची सगळी वर्षं हे काम चोख केलं. मी घरात आलं ठेचायची, आबांनीच एकदा बांधावरून आणून दिलेल्या गवती चहाच्या ठोंबाची दोन पाती टाकायची, उकळी आली की किटली मागच्या दाराने रवाना. आबा टपरीवर बसून फुर्र करून प्यायचे आणि परत येऊन सांगायचे की असा चहा सबंध बारामतीत मिळत नाही, तू जरा त्याच्याकडून शिकून घे. मी मान डोलवायची. स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून हसायची.

असं सगळं मजेत चाललेलं असताना आबांचे गुडघे गेले. आधी जिना गेला, मग एसटीची पायरी, आणि गेल्या पावसाळ्यात ते गोठ्यात घसरून पडले आणि गाय हंबरत राहिली म्हणून शेजाऱ्यांना कळलं. बारामतीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदला, नाहीतर पुढच्या वर्षी हे खाटेवरून उठणार नाहीत. आणि ऑपरेशननंतर निदान दोन-अडीच महिने इथेच राहायचं, रोज व्यायाम करून घ्यायला माणूस येईल. आबांनी सगळं शांतपणे ऐकलं. बाहेर आल्यावर म्हणाले की ऑपरेशन करू, पण आधी नवस. भूल दिल्यावर माणूस उठतो न उठतो, देवाचं देणं डोक्यावर ठेवून मी झोपणार नाही. आणि ऑपरेशन झालं की मी माझ्या घरी. गावात चुलतभावाची सून भाकरी देईल.

मी त्या दिवशी खूप चिडले. लेकरांनी आईबापाला सांभाळायचं हे तुमच्या देवाने सांगितलेलं नाही का, असं विचारलं. सांगितलंय म्हणाले, पण ते लेकांना. आता कायद्यात लेकीही आल्या, असं मी म्हटलं. ते सरकारचं, देवाचं वेगळं, म्हणाले. मग मी शेवटचा बाण काढला. म्हटलं, आपला देव तर बापाचं न ऐकणाऱ्या पोराच्या बाजूने खांबातून बाहेर आला होता, तेव्हा तुमचं न ऐकण्याचा मला कुलाचाराने हक्क आहे.

आबा थबकले. काठीवर भार देऊन त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"त्यो बाप राक्षस व्हता," ते म्हणाले. "म्या तुला कदी कड्यावनं ढकलली व्हती का?"

मी नवसाला हो म्हणाले. गुडघे आधी, बाकीचं पुढे बघून घेऊ, असा माझा हिशोब होता. मनातून मात्र धास्ती होती, कारण नवस फिटला की ते निर्धास्त होणार, ऑपरेशन करून घेणार आणि ओल्या टाक्यांनिशी गावाकडच्या जीपमध्ये चढणार. तिथे रात्री उठून गोठ्यात जाणार. आबांना ओळखते मी.

गुळाची तयारी त्यांनी अशी केली की जणू दुसऱ्यांदा माझं लग्न आहे. कारखान्याला ऊस देताना रानाचा एक तुकडा मागे ठेवला. इंदापूरच्या पुढे एक गुऱ्हाळ अजून चालतं, तिथे ऊस नेला आणि रस उकळायच्या काहिलीशेजारी स्वतः खुर्ची टाकून बसले. गुळव्याने किती ढेपा लागतील ते विचारलं. आता, आबांचा डोळा पंचक्रोशीत नावाजलेला आहे. बांधावर उभं राहून ते फडात किती टन ऊस आहे हे सांगतात आणि कारखान्याचा काटा नंतर येऊन त्यांच्या म्हणण्याला मान देतो. बैलाचं, रेड्याचं, बोकडाचं वजन नुसतं बघून सांगतात. त्यांनी डोळे मिटले, मला आठवलं, आणि आकडा सांगितला. वर एक ढेप जास्तीची धरली. मला विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही असं नाही, आमच्या ह्यांनी सुचवलं होतं. आबा म्हणाले, पोरीला वजन विचारतात का कधी.

आमचे हे वडगाव निंबाळकरचे, घरी दुधाचा धंदा. त्यांनी पेंडीची पोती मोजायचा इलेक्ट्रिक काटाही देऊ केला. त्याच्यावर मला उभी करायची, तेवढाच गूळ मोजायचा, दोन मिनिटांचं काम. आबांनी तो उडवून लावला. नवसात तराजू आहे, समोरासमोर पारडी हवीत, देवाला ती वर-खाली झालेली दिसली पाहिजेत. मग इंदापूरच्या एका जुन्या आडतीतून मोठा तराजू मागवला गेला. मी इकडे गुपचूप संध्याकाळचं जेवण सोडलं आणि पहाटे चालायला लागले. आबांचा रोज फोन यायचा की नीट जेव, देवाला कमी पडायला नको. मी हो म्हणायची आणि काकडी खायची. आमचे हे शेजारी बसून माझ्यासमोर पुरणपोळी खायचे, आणि देवाधर्माचं काम आहे, हसू नये, असं मलाच बजावायचे.

तो दिवस थंडीतला होता. संगमावर धुकं होतं आणि ऊन हळूहळू वर येत होतं. देवळाबाहेर मोकळ्या जागेत लोखंडी तिवई उभी केली होती आणि तिला तराजू टांगला होता. गावचे, भावकीचे, गुळाला आलेले, नुसतेच बघायला आलेले असे भरपूर लोक. आबा धुवट धोतर, टोपी, काठी अशा थाटात खुर्चीवर. आमचे गुरुजी सोवळ्यात. ऑपरेशनची तारीख परवावर आलेली. मी नऊवारी नेसले होते आणि इतकी अवघडले होते की मला सारखं हसूच येत होतं. गुरुजींनी मंत्र म्हटले आणि मी पारड्यात मांडी घालून बसले. पारडं खाली टेकलं. बायकांनी हळद-कुंकू लावलं. मग समोरच्या पारड्यात एकेक ढेप चढू लागली, पिवळी, ओलसर, वासाने तोंडाला पाणी सुटेल अशी.

निम्म्या ढेपा झाल्या तेव्हा लोक गप्पा मारत होते. पाऊणेक झाल्या तेव्हा गप्प झाले. शेवटची, जास्तीची म्हणून आणलेली ढेप ठेवली तरी मी जमिनीलाच होते. काटा जागचा हलला खरा, पण मनावर घेऊन नाही.

मग मागून एक बाई खुदकन हसली आणि बांध फुटला. सगळे हसायला लागले, मी सगळ्यांत जास्त, आणि मी हसले की तराजू हलायचा, तिवई करकरायची, म्हणून गुरुजी मला हात वर करून थांबवत होते. मग सूचना सुरू झाल्या. कुणी म्हणालं बांगड्या काढा. काढल्या. कुणी म्हणालं कमरेला मोबाइल असेल. होता, तो काढला. एका म्हाताऱ्या आजींनी पुढे येऊन मोठ्या श्रद्धेने ढेपांवर तुळशीचं पान ठेवलं. सगळ्यांनी श्वास रोखला. पान पान होतं आणि मी मी होते.

आबा मात्र हसत नव्हते. त्यांच्या डोळ्याने पहिल्यांदाच दगा दिला होता. ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांना कळत नव्हतं की ही इतकी कधी झाली. मला वाटतं त्यांनी डोळे मिटून जिला आठवलं ती लग्नाच्या मांडवातली होती. ते बघून माझं हसू ओसरलं.

आमचे हे म्हणाले, शेजारच्या दुकानातून दोन ढेपा आणतो. आबांनी मान हलवली. बोललो होतो माझ्या रानातला, विकतचा चालणार नाही. मग पुन्हा गुऱ्हाळ लावायचं? त्याला ऊस कुठे उरलाय? गुरुजीही डोकं खाजवू लागले. आबांचा चेहरा मला वाचता येतो. नवस अर्धवट म्हणजे ऑपरेशन नाही. ऑपरेशन नाही म्हणजे ती खाट.

आबांनी आपली काठी उचलली आणि ढेपांवर आडवी ठेवली. बाभळीची काठी होती, त्यांच्याच बांधावरची. काटा थोडासा हलला. त्यांनी टोपी काढून ठेवली. मग ते खुर्चीचा हात धरून उठले, दोघांच्या आधाराने पारड्यापाशी आले.

"म्या बी माज्याच रानातला हाय," ते म्हणाले, आणि गुळावर बसले.

मी वर गेले. इतक्या झटकन गेले की माझी किंकाळी संगमापलीकडे ऐकू गेली असेल. आबा खाली, मी वर, लोक टाळ्या पिटतायत, माझा एक पाय मांडीतून सुटून हवेत लोंबतोय. लहानपणी सोडलेल्या बैलगाडीच्या जुवावर मला बसवून आबा गाडीचं मागचं टोक दाबायचे, तेव्हा पोटात जसं व्हायचं तसं झालं. त्यांचं वजन किती उतरलंय हेही त्याच क्षणी दिसलं, कारण मी फार वर नाही गेले. वर जाऊन जराशी झुलत राहिले. आबा आता हसत होते, दात नसलेलं तोंड उघडं टाकून.

लोकांनी मला उतरवलं. आबांना उतरवायला दोघे पुढे झाले, आणि मला अचानक सुचलं. देवाने सुचवलं म्हणा. मी त्या दोघांना थांबवलं आणि गुरुजींना विचारलं की पारड्यात जे पडलं ते आता कुणाचं. देवाचं, गुरुजी म्हणाले. मग त्याचं पुढे काय करायचं? प्रसाद म्हणून वाटायचं. आणि कुणाला प्रसाद नाकारता येतो का? छे, म्हणाले, अपमान होईल. आणि प्रसादाला नाही म्हणता येतं का, की मी अमक्याच्या घरी जाणार नाही?

गुरुजी माझ्याकडे बघत राहिले. मग पारड्यात बसलेल्या आबांकडे बघितलं. हळूहळू त्यांच्या मिशा थरथरू लागल्या.

मी पदर पसरला. "माझा वाटा द्या," मी म्हणाले.

गुरुजींनी वेळ घालवला नाही. आबांच्या कपाळाला गंध लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या आणि त्यांचा हात उचलून माझ्या हातात दिला. माझ्या लग्नात आबांनी माझा हात असाच दुसऱ्याच्या हातात दिला होता आणि मग मांडवामागे जाऊन उपरण्यात तोंड लपवलं होतं, असं आईने मला सांगितलं होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. आबा गोंधळून एकदा माझ्याकडे, एकदा गुरुजींकडे, एकदा देवळाच्या कळसाकडे बघत होते. असं कुठे असतं का, माणूस प्रसाद असतो का, असं ते पुटपुटले. गुरुजी म्हणाले की आबा, बसलात तुम्ही आपल्या पायांनी, आता देवाशी वाद घालू नका. भावकी हसली.

"दान दिलेलं परत घ्याचं नसतं," ते शेवटी म्हणाले. "पर देवानं दिलं तर न्हाय म्हनाचं नसतं. खरं हाय."

गूळ वाटून झाला. ढेपा फोडायला कुऱ्हाड आणली होती, तिच्या धारेला चिकटलेला गूळही पोरांनी चाटला. आबांना उचलून गाडीत बसवलं. इंदापूर येईपर्यंत ते खिडकीबाहेरचा ऊस बघत होते, मग झोपून गेले.

बारामतीला घरी आलो तेव्हा उन्हं कलली होती. त्यांची पाण्याची बाटली गाडीतच राहिली होती. मी आणायला वळले तर म्हणाले, राहू दे. मी तांब्या-भांडं पुढे ठेवलं. त्यांनी भांड्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि वरून धार धरून सगळं पाणी प्यायले. मी पंखा लावला. त्यांनी बंद करायला सांगितला नाही.

मग मी चहा केला. किटली नेहमीच्या सवयीने मागच्या दाराकडे नेली आणि तिथून हसत परत फिरले. कपात ओतला, त्यांच्या हातात दिला. त्यांनी फुर्र करून एक घोट घेतला आणि थांबले. आता मला म्हणणार, टपरीवाल्याकडून शिकलीस वाटतं. मी ओठ दाबून तयारच होते.

"टपरीवाल्याला माज्या बांधावरचा गवती च्या कसा घावला," ते म्हणाले, "म्या कदी इचारलं न्हाय."

माझं हसू तोंडातच राहिलं. कधीपासून, मी विचारलं.

"पैल्या घोटापास्नं." त्यांनी अजून एक घोट घेतला. "लेकीच्या घरी प्याचा न्हाय, ह्यो माजा नेम. बापाला पाजाचा, ह्यो तुजा. दोगांचंबी नीट चाललं व्हतं, मंग कशाला बोला?"

मी त्यांच्या त्या सुजलेल्या गुडघ्यांपाशी जमिनीवर बसून राहिले. त्यांनी चहा संपवला आणि कप माझ्यापुढे धरला. अजून अर्धा हवा होता.